पुस्तकात नाताळ नाहीच?! (स्नोमॅन, ग्रिंच आणि नाताळचे अर्ध्या तासाचे कार्टून सिनेमे)

शेवंतीची_वेणी

लेक पाच वर्षांची, लीड्सला येऊन आम्हाला चौथं वर्ष. परवा रविवारी बाहेर नुसती पिरपिर, घरभर कपडे वाळत घातलेले, नवरा ओट्याशी, म्हणलं हिला अर्धा तास टीव्हीसमोर बसवावं आणि आपण जरा पाठ टेकावी. नेमका स्नोमॅन लागला होता. इथे नाताळ जवळ आला की तो लागतोच, १९८२ पासूनची प्रथा आहे ती, आपल्याकडे १५ ऑगस्टला ठराविक पिक्चर लागायचे ना तसं. मी आत्तापर्यंत येताजाता तुकड्यातुकड्याने पाहिलेला, सलग कधीच नाही. त्यात कुणी बोलत नाही, सव्वीसेक मिनिटं नुसतं संगीत, मग काय, दहाव्या मिनिटाला माझा डोळा लागला.

जाग आली ती भोकाडाने. साधं रडणं नाही, हुंदके देऊन, श्वास अडकवून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट: एक मुलगा अंगणात बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, घरात येतो, दोघं मिळून उचापती करतात, मग उडत उडत उत्तर ध्रुवावर जातात, तिथे सांताक्लॉजची पार्टी चाललेली असते, सांता त्या मुलाला एक मफलर भेट देतो, परत येतात, मुलगा झोपतो. सकाळी धावत बाहेर येतो तर बर्फाचा ढिगारा आणि वर टोपी. मुलगा खिशातून मफलर काढतो आणि गुडघ्यावर बसतो. संपलं! सांत्वन नाही, काही नाही, खाली नावं यायला लागतात.

लेकीचा प्रश्न एकच, "मफलर आहे म्हणजे ते खरं होतं ना, मग तो कुठाय?" आता यावर मी काय कपाळ सांगणार.

तर सोमवारी लायब्ररीतून मूळ पुस्तक आणलं. रेमंड ब्रिग्ज, १९७८. अख्ख्या पुस्तकात शब्द नाही, रंगीत पेन्सिलींची चित्रं, छोट्या छोट्या चौकटी. आणि त्यात नाताळच नाही हो! झाड नाही, सांता नाही, उत्तर ध्रुव नाही, भेट नाही म्हणजे तो मफलरही नाही. उडतात दोघं, पण जातात कुठे तर ब्रायटनच्या समुद्रावर, तिथल्या धक्क्यावर उभं राहून उजाडायची वाट बघतात आणि घरी परत. शेवटचं चित्र लहानसं, मुलगा पाठमोरा, आजूबाजूला पांढरा कागद.

म्हणजे मी चार वर्षं ज्याला नाताळची गोष्ट समजत होते ती मुळात फक्त थंडीतल्या एका दिवसाची गोष्ट आहे. तर धागा यासाठी की असं अजून कशाकशाचं झालंय? पुस्तकाला सण चिकटवणं हे बरं की वाईट? आणि मुलीला काय सांगू ते पण सांगा, ते जास्त अर्जंट आहे.

खारीबिस्कीट

रुमाल टाकून ठेवते. मुलं झोपली की सविस्तर.

न्यूजर्सीचा_नाना

ताई, तुमचा प्रश्न आमच्या घरी पंचवीस वर्षांपूर्वी येऊन गेला, फक्त आमचा पाहुणा हिरवा होता. ग्रिंच, गावाचा नाताळ चोरायला निघालेला खडूस. डॉ. सूस यांचं पुस्तक १९५७ चं, टीव्हीवर आला १८ डिसेंबर १९६६ ला. दिग्दर्शक चक जोन्स, म्हणजे रोडरनर आणि तो सारखा कड्यावरून पडणारा कायोटी ज्याने आपल्याला दिला तो माणूस. आता पुस्तक मोठ्याने वाचायला लागतात बारा मिनिटं (मी दोन मुलांना मिळून किमान दोनशे वेळा वाचलंय, घड्याळ लावून सांगतो) आणि चॅनेलला हवा जाहिराती धरून अर्धा तास, म्हणजे मधली चौदाएक मिनिटं आणायची कुठून?

आमची आई म्हणायची, पाहुणे वाढले की आमटी वाढवायचे दोनच मार्ग, पाणी घाला नाहीतर डाळ घाला. चक जोन्सने डाळ घातली. पुस्तकात ग्रिंचचा कुत्रा आहे मॅक्स नावाचा, पण तो येतो तेवढ्यापुरता, डोक्याला शिंग बांधलं, गाडीला जुंपलं, झालं. सिनेमात तो अर्धा हीरो. डोक्यावरचं शिंग एवढं जड की तोंड जमिनीला टेकतं, मग ग्रिंच ते कापून लहान करतो, गाडी उताराला लागते तेव्हा ओढणारा हा आणि गाडीच ह्याच्या पुढे, आणि त्या सगळ्यात त्याचा तो चेहरा, की मालक गाढव आहे हे मला माहितीय पण भाकरी त्याच्या घरची खातो. एक शब्द बोलत नाही कुत्रा. पण ग्रिंच जे करतोय ते चूक आहे हे आमच्या पोरांना कळलं ते त्याच्या तोंडाकडे बघून, निवेदनातून नाही.

बाकी भर गाण्यांची, त्यांचे शब्द सूसनीच लिहिले. गावकरी गोल उभे राहून जे गातात ते ऐकायला लॅटिनसारखं वाटतं, पण ते निव्वळ अगडम बगडम आहे, अर्थ शोधू नये.

आणि रंग! मूळ पुस्तकात ग्रिंच हिरवा नाहीच. काळी रेघ, पांढरा कागद आणि थोडा लाल, बस. हिरवा केला सिनेमावाल्यांनी. आज हिरवा सोडून दुसऱ्या रंगाचा ग्रिंच दाखवा, लहान पोरगंही म्हणेल डुप्लिकेट आहे.

एक मजा सांगून थांबतो. नाताळ दुकानातून येत नाही असं सांगणारा हा कार्यक्रम, आणि त्याचे प्रायोजक कोण, तर बँकांची संघटना! जय हो.

शेवंतीची_वेणी

नाना, आमटीचं पटलं एकदम. म्हणजे स्नोमॅनमध्ये सांता हे पाणी की डाळ?

न्यूजर्सीचा_नाना

ते ज्याने चाखलं त्याने सांगावं, मी स्नोमॅन पाहिलेला नाही. आमच्याकडे त्याचं तेवढं प्रस्थ नाही.

टिंबटिंब

छान धागा. यात एक तिसरा प्रकार पण आहे, की पुस्तकच मुळात दुकानाचं. रूडॉल्फ, लाल नाकाचा रेनडियर. लोकांना वाटतं फार जुनी लोककथा वगैरे असेल तर तसं काही नाही, १९३९ साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाने गिऱ्हाइकांच्या पोरांना फुकट वाटायला पुस्तिका काढली, लिहिली त्यांच्याच जाहिरात खात्यातल्या रॉबर्ट मे यांनी. पहिल्याच वर्षी चोवीस लाख प्रती वाटल्या. मग मे यांच्या मेव्हण्याने त्यावर गाणं केलं, ते १९४९ ला तुफान चाललं आणि १९६४ साली एनबीसीवर बाहुल्यांचा तासाभराचा कार्यक्रम आला, तो खरं तर पुस्तिकेपेक्षा गाण्यावरच जास्त बेतलाय. नानांच्या भाषेत वाटीभर आमटीची हंडाभर केली.

बाहुल्या हलवण्याचं काम सगळं जपानमध्ये झालं, तादाहितो मोचिनागा यांच्या टोकियोच्या स्टुडिओत. म्हणजे अमेरिकेचा सगळ्यात लाडका नाताळ टोकियोत बसून एकेक फ्रेम सरकवत केलाय.

आणि धाग्याशी थेट संबंध असलेली गोष्ट: त्यात एक बेट आहे, नको असलेल्या खेळण्यांचं. चौकोनी चाकांची आगगाडी, डब्यातून उडी मारणारा विदूषक पण त्याचं नाव नेहमीच्या जॅकऐवजी चार्ली, असली. रूडॉल्फ त्यांना सांगतो की सांताला सांगून तुमची सोय करतो. १९६४ च्या मूळ कार्यक्रमात पुढे त्यांचं काही होतच नाही! विसरले! लोकांची पत्रांवर पत्रं, की त्या खेळण्यांचं काय झालं. शेवटी पुढच्या वर्षी नवा प्रसंग करून घातला, सांता बेटावर जाऊन त्यांना उचलून आणतो. तर वेणीताई, १९६४ मध्ये तुमच्या लेकीसारखी पोरं होतीच, फरक इतकाच की त्यांनी भोकाड पसरलं आणि शेवट बदलून घेतला.

जाता जाता, त्या कार्यक्रमाच्या पाटीवर रोमन आकड्यात साल चुकलंय. एक एम गाळल्यामुळे १९६४ ऐवजी ११६४ झालंय. शिवाजी महाराजांच्याही साडेचारशे वर्षं आधी.

खारीबिस्कीट

टिंबटिंब यांना कुठेही सोडा, चूक शोधून आणणार :ड

बावखल

मी वसईचा. हे सगळं वाचताना एक गोष्ट सारखी टोचतेय ती बोलून टाकतो, राग नसावा. आमच्याकडे नाताळ म्हणजे गोठा. डिसेंबर लागला की आम्ही पोरं गवत, माती, जुने खोके जमवायला लागायचो, डोंगर करायला गोणपाट मातीत बुडवून वाळवायचं, त्यावर राई आधीच पेरून ठेवायची म्हणजे चोवीस तारखेपर्यंत हिरवंगार शेत होतं. बाळ येशू मध्यरात्रीच्या मिस्साआधी ठेवायचा नाही, आधी ठेवला तर आजी रागावायची. तर तुम्ही वर जेवढे सांगितले त्या एकातही गोठा नाही. बर्फाचा माणूस आहे, हिरवा चोर आहे, रेनडियर आहे. ज्याचा वाढदिवस तोच गायब.

एक अपवाद मला माहितीय, चार्ली ब्राउनवाला, १९६५ चा. त्यात तो पांघरूण घेऊन फिरणारा मुलगा स्टेजवर उभा राहून लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळांचा उतारा सरळ म्हणून दाखवतो, मागे संगीत नाही काही नाही. आमच्या घरी तो दरवर्षी लावतो, लॅपटॉपवर.

टिंबटिंब

बावखल, मुद्दा मान्य. पण (सॉरी, सवय) चार्ली ब्राउन हे पुस्तक नव्हे, वर्तमानपत्रातली कॉमिक पट्टी. आणि ती गोष्टही पट्टीतून उचललेली नाही, टीव्हीसाठीच नवी लिहिलेली.

बावखल

असू दे की. राई पेरलेली आहे, पट्टी असो की पुस्तक.

मांडवी_एक्सप्रेस

गोठ्यावरून आठवलं, आमच्या वाड्यावर गोठ्यांची स्पर्धा असायची आणि एका वर्षी कुणाच्या तरी मांजरीने गोठ्यात पिल्लं घातली, पहिलं बक्षीस त्यांनाच. अवांतर झालं, सोडा.

मला गाण्याबद्दल लिहायचंय. स्नोमॅनमध्ये उडताना जे गाणं आहे ते हॉवर्ड ब्लेक यांचं, अख्ख्या सिनेमात शब्द येतात ते तेवढ्यातच. कुणालाही विचारा कोणी गायलं, शंभरातले नव्वद सांगतील ॲलेड जोन्स. चूक! सिनेमात गायलाय पीटर ऑटी, लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या गायकवृंदातला मुलगा. तीन वर्षांनी १९८५ मध्ये एका खेळण्यांच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी तेच गाणं परत हवं होतं तर तोवर पीटरचा आवाज फुटला होता, मिसरूड फुटायचं वय ना, मग वेल्सच्या ॲलेडला बोलावलं, रेकॉर्ड निघाली, इंग्लंडात पाचव्या नंबरला गेली आणि गाणं कायमचं त्याचं झालं. बरं, मूळ सिनेमाच्या नामावलीत पीटरचं नावच नव्हतं. कित्येक वर्षांनी घातलं.

आणि नाना, तुमच्या ग्रिंचच्या गाण्याचंही हेच! तो खर्जातला आवाज थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टचा, पण नाव द्यायचं राहून गेलं आणि लोकांना वाटलं निवेदक बोरिस कार्लॉफच गातोय. स्वतः सूसना पत्रं लिहून खुलासा करावा लागला.

हे वाचलं तेव्हा मला पहिलं काय आठवलं असेल? महल, १९४९. आयेगा आनेवालाच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव होतं कामिनी, पिक्चरमधल्या पात्राचं. लताबाईंचं नाव नाही. तर जगात सगळीकडे गाणाऱ्याच्या नावाची तीच कथा.

न्यूजर्सीचा_नाना

वा! हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मीही कार्लॉफच समजत होतो, मुलांना तसं सांगितलंय पण. आता फोन करून चूक कबूल करावी लागणार.

आजोबा_सदाशिव

मी सगळा धागा वाचला. भाषा बरी आहे. पण मला एक कळत नाही, आपल्या पोरांनी बर्फाच्या माणसासाठी का रडायचं? आम्ही किल्ल्यासाठी रडायचो. पंधरा दिवस खपून चिखलाचा किल्ला करायचा, अळीव पेरायचं, मावळे मांडायचे, आणि तुळशीचं लग्न लागलं की काकू म्हणणार अंगण मोकळं करा, पाण्याचा पाईप लावायच्या सरळ. बुरुज विरघळताना बघितलाय का कधी? आमच्यावर कुणी सिनेमा काढला नाही.

शेवंतीची_वेणी

आजोबा, तुम्ही काडी टाकायला आलात आणि माझं काम करून गेलात. हे मी लेकीला सांगणार. गेल्या वर्षी सुट्टीला पुण्याला होतो तेव्हा तिने भावाबरोबर किल्ला केला होता, मावळ्यांमध्ये एक डायनासोर पण होता.

कोंबडीचोर

मग आपल्याकडे दिवाळीचा असा कार्टून सिनेमा का नाही? फास्टर फेणे घ्या, गोट्या घ्या. गोट्यावर दूरदर्शनवर सीरियल झाली, छान झाली, पण ती माणसांची. चित्रांची, फक्त सणाची, दरवर्षी लागणारी, असं काही नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, भांडा.

आजोबा_सदाशिव

कारण आमचा सणाचा स्पेशल कागदावर असायचा. किशोरचा दिवाळी अंक. १९७१ पासून निघतोय, मुलगा वाट बघायचा, पोस्टमनला रस्त्यात गाठून घ्यायचा. टीव्ही तुम्हाला, अंक आम्हाला.

कोंबडीचोर

हे भांडण नाही झालं, हे तर पटलं. पॉपकॉर्न वाया.

रेघोट्या

उशिरा आले. मी पुण्यात ॲनिमेशनमध्ये आहे, बारा वर्षं झाली, त्यामुळे स्नोमॅनचा विषय निघाला की मला आवरायला लागतं, लांबलं तर माफ करा.

साधारण त्या काळी कार्टून कसं व्हायचं, पारदर्शक सेल्युलॉइडवर बाहेरची रेघ शाईने काढायची आणि मागून सपाट रंग भरायचा, रंगवायच्या पुस्तकात भरतो तसा. म्हणून जुन्या कार्टूनमध्ये पात्र सपाट दिसतं आणि मागचा देखावा वेगळाच सुंदर. आता ब्रिग्जची चित्रं कशी आहेत, तर रेघ नाहीच जवळजवळ, पेन्सिलीचे ठिपके आणि फराटे एकावर एक, कागदाचा खरखरीतपणा दिसतो. ते सपाट रंगात केलं असतं तर स्नोमॅनचा साबणाचा गोळा झाला असता. म्हणून त्यांनी खरखरीत पृष्ठाच्या सेलवर खडू आणि रंगीत पेन्सिलीने प्रत्येक चित्र हाताने छटा देत रंगवलं. प्रत्येक!! साधा हिशोब करा, सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम चालवलं तर सेकंदाला १२, सव्वीस मिनिटांची होतात १८,७२०, तेही पडद्यावर एकच पात्र धरून. आणि पेन्सिलीचे फराटे दोन चित्रांत कधीच तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून पात्र नुसतं उभं असलं तरी त्याच्या अंगावरचे रंग बारीक वळवळत राहतात. लेकीला परत दाखवाल तेव्हा बघा, स्नोमॅन स्वयंपाकघरात उभा असताना त्याच्या पोटाकडे बघा. आमच्या धंद्यात आजकाल हे वळवळणं कॉम्प्युटरवर मुद्दाम टाकतात, बटण आहे त्याला. त्या सिनेमात ते बटण म्हणजे खोलीभर माणसं होती.

उडण्याच्या प्रसंगात खालची जमीन फिरते ना, शेतं, टेकड्या, ती पण हातानेच काढलीय. आज कॅमेरा फिरवा म्हटलं की फिरतो. तेव्हा टेकडीच फिरवायची, चित्र काढून काढून.

दिग्दर्शन डायान जॅक्सन यांचं, निर्माते जॉन कोट्स, कंपनी टीव्हीसी, ज्यांनी १९६८ चा बीटल्सचा पाणबुडीवाला सिनेमा केला तेच. चॅनेल फोर तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचं होतं, नोव्हेंबर १९८२ ला सुरू झालं आणि हा लागला २६ डिसेंबरला. नवीन चॅनेल नसतं तर सव्वीस मिनिटं मुका सिनेमा दाखवायची छाती कुणाची झाली असती असं वाटत नाही.

आता पाणी की डाळ. माझं मत सांगते, पटेल न पटेल. पुस्तकात रात्रीचे प्रसंग घरातलेच आहेत, दिव्याचं बटण, वडिलांची कवळी, आणि दोघं गाडीत बसून नुसते दिवे लावतात. सिनेमात गाडीच्या जागी मोटरसायकल आली, जंगलातून भरधाव. हे पाणी. पण बघायला मजा येते, काय करता. उत्तर ध्रुवाची पार्टी हे पण पाणीच, आणि ब्रिग्जनाही तो सांता गळ्याखाली उतरला नव्हता. गंमत म्हणजे सांतावर त्यांचं स्वतःचं आधीचं पुस्तक आहे १९७३ चं, त्यात सांता थंडीला शिव्या घालत, कुरकुरत काम उरकणारा म्हातारा आहे. अशा माणसाच्या पुस्तकावरच्या सिनेमात तो हसरा गुबगुबीत सांता!

पण मफलर ही डाळ आहे. पुस्तकात सकाळ होते, बर्फ वितळलाय, संपलं, वाचणारा म्हणू शकतो की स्वप्न होतं. सिनेमात खिशात मफलर सापडतो आणि ती पळवाट बंद. घडलं ते खरं होतं, आणि तरी तो गेला. वेणीताई, तुमच्या लेकीने जो प्रश्न विचारला तोच त्या मफलरचा अर्थ आहे, आणि तिला तो कुणी न सांगता कळला. मी शिकत असताना यावर वर्गात तासभर घातला होता आम्ही.

ब्रिग्जचे आई-वडील दोघं १९७१ मध्ये गेले, बायको १९७३ मध्ये. पुस्तक १९७८ चं. ते पुस्तक मुळात मरणाबद्दलचं आहे हे ते स्वतःच सांगायचे. आणि ब्रायटन का, तर ते ससेक्समध्ये राहायचे, जवळचा समुद्र तोच.

शेवंतीची_वेणी

रेघोट्या, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, तो भांडी अर्धवट टाकून सिनेमा लावायला गेला, आता पोटाकडे बघत बसलाय.

खारीबिस्कीट

रुमाल उचलते. मी लंडनजवळ नर्सरीत काम करते त्यामुळे दर जानेवारीला मला मुलांकडून कळतं नाताळात काय लागलं होतं ते. इथे आता हा उद्योगच झालाय, गाजलेलं चित्रांचं पुस्तक घ्यायचं, अर्ध्या तासाचं करायचं, चोवीस-पंचवीस डिसेंबरला लावायचं. वाघ चहाला येतो ते जुडिथ कर यांचं १९६८ चं पुस्तक २०१९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी लागलं, त्या बिचाऱ्या त्याच वर्षी मे महिन्यात गेल्या. त्यात वाघ येऊन घरातलं सगळं खातो, नळाचं पाणी पण संपवतो. नाताळचा काय संबंध? शून्य. ग्रफालो या राक्षसाच्या पुस्तकाचा काय संबंध? तोही शून्य, पण २००९ मध्ये नाताळच्या दिवशी लागला. तिथे भर घातली खारीच्या आईची, ती पिल्लांना गोष्ट सांगतेय अशी चौकट केली. मला आवडली ती, कारण मोठी माणसं पुस्तक वाचून दाखवतात ते त्यात राहिलं. स्टिकमॅन या काठीच्या माणसाच्या गोष्टीत मात्र सांता पुस्तकातच आहे, धुराड्यात अडकलेला, तो सिनेमा केलाय दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनला. डिसेंबरात तिथे कडक उन्हाळा, आणि बर्फ काढताहेत बिचारे.

पण रडवण्यात स्नोमॅनचा खरा वारस म्हणजे अस्वलाच्या शोधात जाणारं कुटुंब, २०१६. पुस्तक मायकेल रोझन आणि हेलन ऑक्सनबरी यांचं, १९८९. पुस्तकात सगळे घाबरून घरी पळतात, पांघरुणात शिरतात आणि संपलं असं वाटतं, पण अगदी शेवटी, मजकूर संपल्यावर, एक चित्र आहे: अस्वल एकटं समुद्राकाठून परत चाललंय, खांदे पाडून. नव्वद टक्के पालक ते पान उलटतच नाहीत! सिनेमावाल्यांनी तेच एक चित्र धरलं आणि त्याच्यावर सगळा शेवट उभा केला, मुलीची आणि अस्वलाची दोस्ती होते आणि मग दोस्ती तुटते. त्या जानेवारीत माझ्या वर्गात अकरा मुलांपैकी चौघं अस्वलाबद्दल बोलताना रडली, एका बापाने माझ्याशीच भांडण केलं, जसं काही मी काढलाय तो सिनेमा. तर नाना, ही डाळ, आणि ती डाळ पुस्तकाच्याच डब्यात खाली राहिली होती.

मुलीला काय सांगायचं म्हणाल तर मी काही सांगत नाही. विचारते, तू असतीस तर त्याला कुठे ठेवलं असतंस? पाच वर्षांच्यांकडे उत्तरं असतात.

बावखल

हे बेस्ट. आमच्याकडे गोठा सहा जानेवारीला उचलतात, तेव्हा पोरगा विचारतो बाळ कुठे ठेवलं. खोक्यात. कापसात गुंडाळून. मग बरं वाटतं त्याला.

शेवंतीची_वेणी

अपडेट. खारीबिस्कीट, तुमचं ऐकलं. काल झोपताना विचारलं, तू असतीस तर स्नोमॅनला कुठे ठेवलं असतंस. ती म्हणाली फ्रीझरमध्ये, त्याला आवडतो फ्रीझर. (बरोबर आहे, तो आत जाऊन पडतो गार व्हायला, पुस्तकात पण आहे.) मी म्हणलं छान, झोप आता.

आज सकाळी चहाला उठले तर ओट्यावर पाण्याचं तळं. बाईंनी पहाटे उठून फ्रीझरचा खालचा खण रिकामा केलेला, सासूबाईंनी पाठवलेला खोवलेला नारळ, पुरणपोळ्यांचा डबा, दोन किलो मटार, सगळं ओट्यावर, वितळून गार. आणि खणात तिचा स्वतःचा मफलर घडी घालून ठेवलेला. तो आला तर त्याला कळायला पाहिजे ना की जागा धरलीय.

कोंबडीचोर

रुमाल टाकायला आईकडूनच शिकली.

आजोबा_सदाशिव

मटार परत गोठवू नका. उसळ करा.

शेवंतीची_वेणी

तीच चाललीय. दोन किलोची. कोण येतंय लीड्सला?